लॉगिनचा दुसरा टप्पा: कोणता निवडावा, कसा वापरावा आणि फोन हरवला तर काय

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: मुख्य ईमेल, कार्यालयीन खाते आणि समाजमाध्यमांची काही खाती यांवर सध्या एसएमएसने येणारा ओटीपी सुरू आहे, तो पुरेसा आहे का, की ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच लॉगिनचे कोड तयार करणारे ॲप) किंवा सिक्युरिटी की (फोनला किंवा संगणकाला जोडून लॉगिन करण्याची छोटी वस्तू) घ्यावी? पासकी (फोनमध्ये किंवा संगणकातच ठेवलेली तशीच किल्ली) वापरली तर बोटाचा ठसा त्या कंपनीकडे जातो का? आणि सगळे काही एकाच फोनवर असताना तो फोनच हरवला तर खात्यात परत कसे जायचे?

संस्थांच्या लॉगिन व्यवस्था बसवणे आणि त्या बिघडल्या की सोडवणे हेच माझे अनेक वर्षांचे काम आहे. त्या अनुभवावरून पद्धत निवडताना मी प्रथम एकच गोष्ट पाहतो: वापरणाऱ्याच्या हातून चूक झाली तर पुढे काय होते? कितीही जाणता माणूस असला, तरी घाईत किंवा रात्री उशिरा तो कधी ना कधी खोट्या पानावर आपला पासवर्ड टाकतो. माझ्याही हातून ते एकदा होता होता राहिले. काही पद्धतींत अशी एक चूक खाते घालवायला पुरते, तर काहींत ती चूक होऊनही चोराच्या हाती काहीच लागत नाही. निवडीतला खरा फरक हा आहे. कोडमध्ये आकडे किती आहेत किंवा तो किती सेकंदांनी बदलतो, याला त्या मानाने फारसे महत्त्व नाही.

व्याख्येवर फार वेळ घालवत नाही. आपल्याला माहीत असलेली गोष्ट, आपल्याजवळ असलेली वस्तू आणि आपल्या शरीराची खूण, असे तीन प्रकारचे घटक मानले जातात आणि बहुघटक प्रमाणीकरणात, म्हणजे एकाहून अधिक घटकांनी ओळख पटवण्यात, त्यांपैकी किमान दोन वेगवेगळ्या प्रकारांचे असावे लागतात. त्यामुळे पासवर्ड आणि त्यानंतर विचारलेला ‘पहिल्या शाळेचे नाव काय’ हा प्रश्न मिळून दोन घटक होत नाहीत. ईमेलवर येणारा कोडही मला दुसरा घटक म्हणून पटत नाही, कारण ज्याच्या हाती ती मेलपेटी लागली त्याच्या हाती पासवर्ड बदलण्याची लिंक आणि कोड या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी लागतात.

आता एसएमएसविषयी. तो कुचकामी आहे असे म्हणण्याची सध्या पद्धत पडली आहे. मी तसे म्हणणार नाही. गूगलने २०१९ मध्ये स्वतःच्या खात्यांवरील हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एसएमएस कोडने यंत्राद्वारे होणारे आपोआप हल्ले १०० टक्के, घाऊक फिशिंगचे (खोट्या पानांवर नेऊन माहिती काढून घेण्याचे) ९६ टक्के आणि एखाद्या व्यक्तीला हेरून केलेले हल्ले ७६ टक्के रोखल्याचे दिसले. म्हणजे दुसरा पर्यायच नसेल, तर एसएमएस अवश्य चालू ठेवावा. एकट्या पासवर्डपेक्षा तो कितीतरी बरा. पण उरलेले २४ टक्के कुठून येतात हे समजून घेतले पाहिजे.

एसएमएसचा कोड फोनला मिळत नाही, तो नंबरला मिळतो, आणि नंबर कोणत्या सिमवर चालेल हे मोबाइल कंपनी ठरवते. तिच्या कर्मचाऱ्याला फसवून किंवा फितवून तोच नंबर दुसऱ्या सिमवर सुरू करून घेणे याला सिम स्वॅप म्हणतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डोर्सी यांच्या खात्यावरून भलतेच संदेश गेले, तेही त्यांचा फोन नंबर असा दुसऱ्याच्या ताब्यात गेल्यामुळे. याशिवाय मोबाइल कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडणारी एसएस७ ही जुनी यंत्रणा संदेश भलतीकडे वळवू देते. २०१७ मध्ये जर्मनीत चोरट्यांनी आधी पासवर्ड मिळवले, मग याच वाटेने ओटीपी वळवून लोकांच्या बँक खात्यांतून पैसे काढले. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने त्याच वर्षीच्या मार्गदर्शक तत्त्वांत फोनच्या जाळ्यावरून येणाऱ्या कोडांना ‘मर्यादित’ वर्गात टाकले आणि ईमेलला तर या कामासाठी मान्यताच दिली नाही. आपल्याला एसएमएसवरच राहावे लागणार असेल, तर मोबाइल कंपनीकडे नंबर हलवण्यावर पिन किंवा कुलूप लावण्याची सोय आहे का, ते विचारावे, आणि कुलूपबंद पडद्यावर संदेशातला मजकूर दिसणार नाही अशी फोनची सेटिंग करावी. टेबलावर पालथा न ठेवलेला फोन ओटीपी सर्वांना वाचून दाखवत असतो, हे कार्यालयांतून मी वारंवार पाहिले आहे.

ऑथेंटिकेटर ॲप ही पुढची पायरी. ते कसे चालते हे कळले की त्याची बलस्थाने आणि उणिवा दोन्ही आपोआप कळतात. सुरुवातीला जो क्यूआर कोड स्कॅन करतो, त्यात एक गुप्त मजकूर असतो; तोच मजकूर सर्व्हरकडेही साठवलेला असतो. त्यानंतर ॲप आणि सर्व्हर हे दोघे तो मजकूर आणि त्या क्षणाची वेळ एका गणिती क्रियेतून काढून, बहुधा दर ३० सेकंदांनी, सहा आकडी संख्या तयार करतात. दोघांकडचे घटक सारखे असल्याने उत्तरही सारखे येते. मध्ये ना मोबाइलचे जाळे लागते ना इंटरनेट. ही पद्धत २०११ पासून टीओटीपी या नावाने खुले मानक आहे, म्हणून कोणत्याही चांगल्या ॲपमध्ये कोणत्याही सेवेचा कोड साठवता येतो. एखाद्या सेवेने ‘अमुक ॲप घ्या’ म्हटले तरी बहुतेक वेळा दुसरे चालते. यातून तीन व्यावहारिक गोष्टी निघतात. फोनचे घड्याळ चुकले की कोड चुकतात, तेव्हा वेळ आपोआप जुळवण्याची सेटिंग चालू ठेवावी. ‘कोड बरोबर टाकतो तरी घेत नाही’ ही तक्रार आली की मी सर्वांत आधी घड्याळ पाहतो. दुसरे, त्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट फोटोंमध्ये पडून राहिला, तर तो ज्याला मिळेल त्याला पुढचे सगळे कोड कायमचे मिळतात. तिसरे, क्लाउडवर कोडांची प्रत ठेवणारे ॲप घेतले तर ते सोयीचे असते, पण मग ते क्लाउड खाते किमान तितकेच मजबूत असावे लागते.

ॲपने सिम स्वॅपचा प्रश्न मिटतो. खोट्या पानाचा प्रश्न मात्र मिटत नाही, आणि हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आजची खोटी पाने नुसती पासवर्ड गोळा करून थांबत नाहीत. ती मध्यस्थासारखी वागतात. आपण टाकलेला पासवर्ड त्या क्षणी खऱ्या संकेतस्थळाकडे पाठवतात, तिथून कोडची मागणी आली की ती आपल्याला दाखवतात, आपण टाकलेला सहा आकडी कोड ३० सेकंदांच्या आत पुढे सरकवतात आणि आत शिरतात. कोड किती गुप्तपणे तयार झाला याला इथे अर्थ उरत नाही, कारण तो आपण आपल्या हाताने चोराला दिलेला असतो.

फोनवर ‘तुम्हीच लॉगिन करत आहात का?’ असे विचारणाऱ्या सूचनेची, म्हणजे पुश नोटिफिकेशनची, अडचण निराळी आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीत घुसखोरी झाली, तेव्हा एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड आधीच चोरांकडे होता. ते पुन्हा पुन्हा लॉगिनचा प्रयत्न करत राहिले, प्रत्येक वेळी त्याच्या फोनवर परवानगीची सूचना येत राहिली, आणि शेवटी एकदा त्याने ती मंजूर केली. माणूस कंटाळतो, हाच त्या हल्ल्याचा पाया होता. म्हणून अशा ॲपमध्ये पडद्यावर दिसणारी संख्या फोनवर टाइप करायला लावण्याची सोय असते. मायक्रोसॉफ्टने आपल्या ॲपमध्ये ती मे २०२३ पासून सक्तीची केली. आपल्याकडे ही पद्धत असेल, तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: आपण लॉगिन करत नसताना सूचना आली, तर ती नाकारून गप्प बसणे पुरेसे नाही. बहुतेक व्यवस्थांत पासवर्ड बरोबर पडल्याशिवाय ती सूचना निघतच नाही. याचा अर्थ पासवर्ड फुटलेला आहे आणि तो त्याच दिवशी बदलला पाहिजे.

आता सिक्युरिटी की आणि पासकी. माझा स्पष्ट सल्ला आहे की जिथे ही सोय आहे तिथे हीच घ्यावी. कारण समजावून सांगण्यासाठी थोडा विस्तार करतो. नोंदणीच्या वेळी आपले साधन त्या संकेतस्थळासाठी दोन किल्ल्यांची एक जोडी तयार करते. खाजगी किल्ली आपल्याकडे राहते आणि सार्वजनिक किल्ली संकेतस्थळाला दिली जाते. लॉगिनच्या वेळी संकेतस्थळ एक नवा, यादृच्छिक मजकूर पाठवते, साधन त्यावर खाजगी किल्लीने सही करते आणि संकेतस्थळ ती सही सार्वजनिक किल्लीने पडताळते. इथपर्यंतचे गणित जुनेच आहे. खरी गंमत पुढे आहे: ही जोडी संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते, आणि आपण कोणत्या पत्त्यावर आहोत हे ब्राउझर स्वतः पाहून सांगतो, आपल्याला विचारत नाही. खोट्या पानाचा पत्ता एका अक्षराने जरी वेगळा असला, तरी त्या पत्त्यासाठी किल्लीच सापडत नाही. आपली नजर फसली तरी ब्राउझर फसत नाही. शिवाय वाचून दाखवता येईल, टाइप करता येईल किंवा फोनवर कोणाला सांगता येईल असे आपल्याजवळ काही नसतेच.

याचा उत्तम दाखला २०२२ च्या जुलैत मिळाला. क्लाउडफ्लेअर कंपनीच्या किमान ७६ कर्मचाऱ्यांना एका मिनिटाच्या आत फसवे एसएमएस आले, आणि त्यांपैकी तिघांनी खोट्या पानावर आपली माहिती टाकलीही. त्या पानाची पुढची चाल ॲपमधला कोड मागण्याची होती. परंतु कंपनीत सर्वांना सिक्युरिटी की सक्तीची असल्याने चोरलेल्या पासवर्डांचा काहीही उपयोग झाला नाही. त्याच सुमारास जवळपास तशाच फसव्या संदेशांनी ट्विलिओ कंपनीत मात्र घुसखोरी झाली. तीन शिकलेसवरलेले, तंत्रज्ञानातलेच लोक फसले आणि तरीही काही बिघडले नाही, हा त्यातला मला मोलाचा वाटणारा भाग आहे.

पासकी म्हणजे हीच व्यवस्था, फक्त वेगळ्या वस्तूऐवजी फोनमध्ये, संगणकात किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवलेली. तिचा पाया असलेले वेबऑथन हे मानक डब्ल्यू३सी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने मार्च २०१९ मध्ये मान्य केले आणि मे २०२२ मध्ये ॲपल, गूगल व मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून तिचा पाठपुरावा करण्याचे जाहीर केले. आपण विचारलेल्या ठशाचे उत्तर इथे येते: बोटाचा ठसा किंवा चेहरा संकेतस्थळाकडे जात नाही. तो फक्त आपल्या साधनातली खाजगी किल्ली वापरण्याची परवानगी देतो आणि त्याची तुलना साधनाच्या आतच होते; संकेतस्थळाकडे जाते ती केवळ सही. ठसा वापरायचा नसेल तर फोनचा पिनही तेच काम करतो. उलट बाजूने, आपल्या फोनचा पिन ज्याला ठाऊक आहे तो बहुधा आपली पासकीही वापरू शकतो, तेव्हा चार सारख्या आकड्यांचा पिन आता परवडणारा नाही.

फोनमधली पासकी सहसा क्लाउडमधून आपल्या इतर साधनांवरही जाते. त्यामुळे फोन बदलताना त्रास होत नाही, पण तिचे सगळे बळ त्या क्लाउड खात्यावर येऊन उभे राहते. यूएसबीने किंवा एनएफसीने (फोनजवळ नुसती टेकवून) चालणाऱ्या सिक्युरिटी कीमधून किल्ली बाहेर काढून तिची प्रत करता येत नाही, आणि तिचा पिन ओळीने आठ वेळा चुकला की ती कुलूपबंद होते व पुसून नव्याने सुरू करावी लागते. सर्वसामान्य वापरासाठी क्लाउडवरून जुळणारी पासकी पुरेशी आहे असे माझे मत आहे. ज्यांच्या खात्यामागे कोणी हेरून लागू शकते, म्हणजे पत्रकार, संस्थेची यंत्रणा सांभाळणारे, मोठे व्यवहार पाहणारे, त्यांनी वेगळी की घ्यावी आणि ती एक न घेता दोन घ्याव्यात. एक रोजच्या वापराला, दुसरी त्याच दिवशी त्याच खात्यांत नोंदवून दुसऱ्या जागी ठेवलेली. एकच की घेऊन ‘दुसरी नंतर घेऊ’ म्हणणारे लोक मला नेहमी ती हरवल्यावरच भेटतात.

की किंवा पासकी नोंदवल्यावर एक काम हमखास राहून जाते. खात्यात जुना एसएमएसचा पर्याय तसाच उघडा राहतो. मग लॉगिनच्या पानावर ‘दुसरी पद्धत वापरा’ असा दुवा दिसतो, आणि खोटे पान आपल्याला गोड बोलून नेमके तिथेच नेते. मजबूत दाराशेजारी फटीचे दार उघडे ठेवण्यासारखे ते होते. म्हणून की नोंदवली, दुसरी की आणि बॅकअप कोड (अडचणीच्या वेळी वापरायला सेवेने आधीच दिलेले कोड) हाताशी आले, की सेवा परवानगी देत असेल तिथे एसएमएस काढून टाकावा. पुनर्प्राप्तीसाठी दिलेला फोन नंबर आणि जुना ईमेल पत्ताही पाहावा. दहा वर्षांपूर्वीचा, आता न उघडलेला पत्ता तिथे सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे.

कोणत्या खात्यापासून सुरुवात करावी, यावर लोक विनाकारण अडतात. मुख्य ईमेलपासून करावी, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. त्यानंतर पासवर्ड मॅनेजर, मग फोनशी जोडलेले ॲपल किंवा गूगलचे खाते, कारण पासकी आणि फोनची प्रत तिथे असते. कार्यालयीन खात्याचे नियम बहुधा कार्यालय ठरवते. तिथे सूचनांची पद्धत असेल, तर संख्या जुळवण्याची सोय चालू करण्याचा आग्रह धरावा. समाजमाध्यमे शेवटी आली तरी चालतील. ऑथेंटिकेटरचे कोड पासवर्ड मॅनेजरमध्येच ठेवावेत का, असाही प्रश्न नेहमी येतो. किरकोळ खात्यांसाठी खुशाल ठेवावेत. तसे केल्याने लोक निदान दुसरा टप्पा चालू तरी करतात. ईमेलचा आणि स्वतः पासवर्ड मॅनेजरचा कोड मात्र त्याच्या आत ठेवू नये. किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी बंद केल्यासारखे ते होईल.

दोन गोष्टींपासून यातली कोणतीच पद्धत पूर्ण वाचवत नाही. एक म्हणजे लॉगिन झाल्यानंतरची चोरी: आपण आत गेल्यावर ब्राउझरमध्ये एक सेशन कुकी, म्हणजे आपण आधीच लॉगिन केले आहे ही खूण, साठते, आणि संगणकात घातक प्रोग्रॅम शिरला असेल तर तो ती कुकी उचलून नेतो, चोराला मग पासवर्डही लागत नाही आणि कीही लागत नाही. म्हणून शंका आली की पासवर्ड बदलण्याबरोबर ‘सर्व साधनांवरून साइन आउट’ हेही करावे, आणि खात्यात नोंदवलेल्या पद्धतींची यादी उघडून आपली नसलेली एखादी की किंवा ॲप त्यात शिरले आहे का, ते पाहावे. आत आलेला चोर बहुधा स्वतःची एक पद्धत मागे ठेवून जातो. दुसरी गोष्ट म्हणजे खऱ्याच पानावर केलेली फसवणूक. ‘हा कोड अमुक पानावर टाका’ असे सांगून चोर आपल्याकडून त्याच्या साधनाला परवानगी मिळवून देतो; पत्ता खरा असल्याने ब्राउझरलाही संशय येत नाही. दुसऱ्या कोणी पाठवलेला कोड कधीही कुठेही टाकू नये, आणि आपण सुरू न केलेल्या जोडणीला परवानगी देऊ नये.

आता फोन हरवण्याचा प्रश्न. माझ्या अनुभवात चोरांमुळे खाती गमावणाऱ्यांपेक्षा स्वतःच्याच कुलपाबाहेर अडकलेले लोक मला अधिक भेटले आहेत. एका छोट्या संस्थेत सर्व यंत्रणांचा ताबा एकाच व्यक्तीच्या फोनवरील ऑथेंटिकेटरवर होता. तो फोन पाण्यात पडला, बॅकअप कोड त्याच फोनमधल्या टिपणात होते, आणि मालकी सिद्ध करून खाते परत मिळवण्यात तीन आठवडे गेले. तेव्हापासून मी कोणाच्याही खात्यात दुसरा टप्पा चालू करण्यापूर्वी बॅकअप कोड कागदावर छापून घेतो. गूगल असे दहा कोड देते. प्रत्येक एकदाच चालतो आणि नवे काढले की जुने रद्द होतात. कागदावर सेवेचे नाव आणि तारीख लिहावी, एक प्रत घरात महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर आणि दुसरी वेगळ्या जागी ठेवावी, आणि एक कोड खरोखर वापरून पाहावा. न तपासलेला बॅकअप असून नसल्यासारखा.

प्रत्यक्ष फोन हरवला, तर क्रम महत्त्वाचा आहे. दुसऱ्या साधनावरून आधी फोन दूरस्थपणे कुलूपबंद करावा आणि मोबाइल कंपनीला कळवून सिम बंद करावे. मग बॅकअप कोडने किंवा राखीव कीने मुख्य ईमेलमध्ये जावे, सर्व साधनांवरून साइन आउट करावे आणि पासवर्ड बदलावा. नवा फोन आल्यावर त्यावर नवी पद्धत नोंदवावी, तिने एकदा लॉगिन होते याची खात्री करावी, आणि त्यानंतरच यादीतून जुन्या फोनची नोंद काढावी. हे शेवटचे दोन टप्पे उलट क्रमाने केल्यामुळे, म्हणजे जुनी नोंद आधी काढल्यामुळे, खात्याबाहेर राहिलेली माणसे मी पाहिली आहेत. वापरलेल्या बॅकअप कोडांच्या जागी नवे कोड काढून तो कागदही त्याच दिवशी बदलावा.